डावा पाय हिरवा

सकाळी साडेपाचला ढोलेवाडीच्या माळावर बत्तीस पोरं-पोरी ओळीनं बसत आणि डाव्या पायाची ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर सारत. नडगीच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या चार बोटं वर, बोटभर लांबीची एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असे. मेजर काटकर मोबाइल घेऊन ओळीतून फिरत. मोबाइल जवळ नेला की पट्टीच्या कडेला रंग उमटे. हिरवा आला तर मेजर म्हणत, "पळ." पिवळा आला तर म्हणत, "आज नुसत्या जोर-बैठका." आणि लाल आला तर काही न बोलता बांधाकडे बोट करत.

बांधावर बसायला कुणालाच आवडत नसे. रानात निघालेल्या बायका मुद्दाम थांबून विचारत, "काय रं, दमलास व्हय?" दोन-दोन आठवडे तिथे बसून हे ऐकायचं म्हणजे पळण्यापेक्षा जास्त दम लागे. पण मेजरांपुढे कुणाची टाप नव्हती.

मेजर हे आपलं म्हणायचं. लालासाहेब काटकर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण माणदेशात फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिकडे लंगरमध्ये पोळ्या लाटत का असेना. काटकरांची बायकोसुद्धा त्यांना "मेजर, चहा झालाय" अशीच हाक मारी. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या पाऊण एकर मुरमाड रानात एकशे साठ मीटरचा गोल आखला आणि भरतीची अकॅडमी काढली. दहा फेऱ्या म्हणजे बरोबर सोळाशे मीटर. भरतीच्या मैदानावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट पळवतात, म्हणून इथंही तसंच, रोज तसंच. या हिशेबाचा मेजरांना फार अभिमान होता.

पट्टी आली चार वर्षांपूर्वी. ती आणली डॉ. समिना मुलाणी यांनी. कराडकडच्या एका प्रयोगशाळेत त्या हाडांवर संशोधन करत होत्या आणि त्यांना रोज पळणारे पाय हवे होते. पट्टीचं कागदोपत्री नाव 'अस्थिश्रुती' असं होतं. ते ढोलेवाडीत एक दिवसही टिकलं नाही.

"हाड बोलतं, मेजर," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या. "पळताना त्यावर भार पडतो, केसाहून बारीक भेगा पडतात. प्रत्येक भेग पडताना आवाज करते. आपल्या कानाला येत नाही, पट्टीला येतो."

"भेगा पडल्या म्हणजे हाड गेलंच की."

"नाही. भेगा पडायलाच हव्यात, त्याशिवाय हाड मजबूत होत नाही. गवंडी भिंतीला नवा गिलावा करताना काय करतो? आधी जुने पोपडे खरवडून काढतो. शरीर तसंच करतं. भेगा पडलेला भाग आधी पोखरून काढतं, मग नवा भरतं. पोखरायला तीन आठवडे, भरायला तीन महिने. मधल्या दिवसांत हाड पहिल्यापेक्षाही कच्चं असतं. आणि नेमकं तेव्हाच पोरांचा दम वाढलेला असतो, म्हणून तुम्ही त्यांना जास्त पळवता."

मेजरांना सुहास आठवला. सुहास जगदाळेचा पाय मोडला तो चौथ्याच आठवड्यात. पट्टीच्या आधीची गोष्ट. सुहास तीन दिवस सांगत होता, नडगी ठणकतेय. मेजरांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "फौजेत जायचंय ना? मग रडतोस कशाला?" सहाव्या फेरीला सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो मात्र सगळ्यांना ऐकू आला. त्यानंतर दोन वर्षं मेजरांनी अकॅडमी बंद ठेवली होती.

"पट्टी सध्या माणशी एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर सरळ पळवून पाहिलंय, दोन्ही पायांवर भार सारखाच येतो. कुठल्या पायाला लावू?"

"डावा," मेजर ताडकन म्हणाले. "फौजेत सगळं डाव्यापासनंच सुरू होतं."

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी वहीत 'डावा' असं लिहिलं.

पुढच्या तीन वर्षांत ढोलेवाडीत एकाचाही पाय मोडला नाही. बातमी पसरली. चाळीसेक अकॅडमींनी पट्टी घेतली, पुस्तिकेतल्या सूचनेप्रमाणे डाव्या पायाला. मग भरती कार्यालयानंही नियम केला: उमेदवारानं धावण्याच्या परीक्षेला येताना पट्टीची नव्वद दिवसांची नोंद आणायची. शेवटच्या एकवीस दिवसांत लाल असेल, तर त्या वर्षी मैदानात प्रवेश नाही. कारणही चांगलं होतं. प्रशिक्षणात पाय मोडून घरी येणाऱ्या पोरांची संख्या कमी करायची होती. चांगल्या कारणाला कोण नाही म्हणणार?

*

ईश्वरी अवघडे ही बत्तीसजणांत वयानं सगळ्यात मोठी. तिला येत्या नोव्हेंबरात एकविसावं पूर्ण होणार होतं आणि वयाची अट तिथंच संपत होती. गेल्या वर्षी साडेसात मिनिटांची वेळ तिची चार सेकंदांनी हुकली होती. चार सेकंद म्हणजे चपलेत गेलेला खडा काढायलाही पुरत नाहीत. तेव्हापासून ती वर्षभर याच गोलात पळत होती आणि आता सोळाशे मीटरला सात मिनिटं बारा सेकंद घेत होती. परीक्षा चौदा ऑक्टोबरला. घरी आई शाळेचे गणवेश शिवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आता आमच्या ईश्वरीचाच गणवेश राहिलाय."

सप्टेंबरच्या मध्यावर तिचा उजवा पाय दुखायला लागला. नडगीवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा होती. पळायला लागलं की दुखायची, थांबलं की थांबायची. आठवड्यानं थांबली तरी थांबेना. तिनं मेजरांना सांगितलं.

मेजरांनी या वेळी अंगठ्यानं दाबलं नाही. सुहासनंतर त्यांचा स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास उडाला होता. त्यांनी मोबाइल पट्टीजवळ नेला. हिरवा.

"पट्टी हिरवी हाय, ईश्वरी. परीक्षा जवळ आली की समद्यांचं असंच हुतं. मनाचा खेळ असतोय."

"पण मेजर, दुखतोय उजवा, आन् पट्टी डाव्याला..."

"अगं, दोन्ही पाय एकाच माणसाचं हायत. एक पळतोय आन् दुसरा बसतोय, असं हाय का?"

पोरं हसली. ईश्वरीही हसली, आणि वाईट म्हणजे तिला ते पटलंही. पुढचे चार दिवस ती स्वतःलाच समजावत होती, की पट्टी हिरवी आहे त्या अर्थी दुखत नसणार, आपल्याला उगीच तसं वाटतंय. आपलंच हाड, आपलंच दुखणं आणि आपणच खोटे. एवढं सगळं मनाला समजावून झाल्यावरही जिना उतरताना कळ आली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पाचव्या दिवशी तिनं घरीच डाव्या पायाची पट्टी हलक्या हातानं सोडवली, उजव्या पायाला लावली आणि मैदानात आली. ट्रॅकपँटचे दोन्ही पाय खालीच ठेवून तिनं तपासणीच्या आधीच दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मेजरांच्या मोबाइलनं मोठ्यानं पिपाणी वाजवली. पडद्यावर अक्षरं आली: अनोळखी हाड.

याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. जसा अंगठ्याचा ठसा, तसा प्रत्येक हाडाचा नाद वेगळा असतो. लाल आलेली पोरं आपली पट्टी दुसऱ्याच्या विश्रांती घेतलेल्या पायाला लावून नोंद हिरवी करून घ्यायची. म्हणून डॉक्टरांनी पट्टीला हाड ओळखायला शिकवलं होतं. अनोळखी हाड म्हणजे फसवणूक. तीन दिवसांत खुलासा झाला नाही, तर उमेदवाराचं नाव यादीतून आपोआप जाई.

मेजर संतापले. सगळ्यांसमोर ते ओरडले, "कुणाच्या पायाला लावून आणलीस? सांग! वर्षभर तुला पोटच्या पोरीवानी पळवली, ती ह्यासाठी?"

ईश्वरीनं उजव्या पायाची पँट वर केली. पट्टी तिथंच होती.

"मेजर, पाय माझाच हाय," ती म्हणाली. "दुसरा."

*

डॉ. मुलाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. त्यांनी ईश्वरीला बाकावर बसवलं, पट्टीतला कच्चा आवाज संगणकावर उतरवला आणि कान देऊन ऐकत राहिल्या. मग तो आवाज माणसाला ऐकू येईल इतका खाली आणून मेजरांनाही ऐकवला. आधी डावा पाय: कुठंतरी दूर कुणी फुटाणे भाजतंय, अधूनमधून एखादा फुटतोय. मग उजवा. मेजरांनी कानातले हेडफोन लगेच काढून ठेवले.

"हे लालच्याही पुढं आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग उठून त्या गोलाकडे बघत राहिल्या. "मेजर, हे सगळे याच गोलात पळतात? नेहमी याच बाजूनं?"

"भरतीला तसंच असतंय."

"भरतीचं मैदान चारशे मीटरचं असतं, मधे सरळ भाग असतो. तुमच्याकडे सरळ असं काही नाहीच. सतत डावीकडे वळायचं. वळणावर बाहेरचा पाय जास्त रेटा देतो." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "बाहेरचा म्हणजे उजवा. आणि मी चार वर्षं आतल्या पायाचं ऐकतेय."

"डावा मी सांगितला हुता," मेजर म्हणाले.

"मी का विचारलं नाही, की डावाच का?"

दोघांनीही चूक स्वतःकडे ओढली, पण तेवढ्यानं ती लहान होत नव्हती. त्या संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी बत्तीस उजवे पाय ऐकले. दहा लाल निघाले.

त्या दहाजणांना मेजरांनी बांधाजवळ बसवलं आणि डॉक्टरांना बोलायला सांगितलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ही नोंद अजून त्यांच्याच संगणकात होती. ती वर पाठवली की दहाहीजणांना चौदा तारखेला मैदान बंद. दडवली आणि पट्ट्या होत्या तशा डाव्या पायांवर ठेवल्या, तर गेटवर हिरवा दिसणार, कुणालाही काही कळणार नाही. ईश्वरीच्या खुलाशातही 'पट्टी चुकून दुसऱ्या पायाला लागली' एवढं लिहिलं की भागणार होतं.

"आणि पळालो तर?" ईश्वरीनं विचारलं.

"परीक्षेत किंवा पुढच्या प्रशिक्षणात हाड मोडण्याची शक्यता, माझ्या हिशेबानं, दहांत चार."

"मोडलं तर किती दिवस?"

डॉक्टरांच्या आधी मेजर बोलले. "सुहासला नऊ महिने लागलं. पाय बोटभर आखूड झाला तो झालाच."

 मग ईश्वरी म्हणाली, "मेजर, आमालाच विचारा की. पाय आमचं हायत."

बोलणं बरोबर होतं. मेजरांनी विचारलं. "ज्याला पळायचंय त्यानं हात वर करा." दहा हात वर गेले. एकही हात रेंगाळत वर गेला नाही. त्यांतल्या तिघांची वयाची अट याच वर्षी संपत होती. बाकीच्यांना पुढचं वर्ष होतं, तरी त्यांचेही हात तितक्याच झटक्यात वर गेले. विशीतल्या माणसाला पुढच्या वर्षाचं काय सांगायचं!

"ठीक हाय," मेजर म्हणाले. "जावा घरी."

पोरं खूश होऊन गेली. ईश्वरीनं जाताना वाकून मेजरांच्या पायाला हात लावला. डॉक्टर संगणक मिटून बसल्या होत्या. आता काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही. पण अहवालावर दोघांची सही लागत होती आणि त्या वाट बघत होत्या.

तेवढ्यात रस्त्यानं डेअरीचा टेम्पो आला. शेजारच्या गोठ्यातून किटल्या घ्यायला तो रोज याच वेळी थांबतो. चालवणारा सुहासच. त्यानं आधी एका हातानं दार धरलं, मग चांगला पाय खाली टेकवला, मग दुसरा हळूच खाली आणला. दुसऱ्या चपलेला दुप्पट जाडीचा तळवा होता. त्यानं लांबूनच हात केला. "मेजर! चहा पाजता का न्हाई?" त्यानं कधीही, एकदाही, मेजरांना बोल लावला नव्हता. मेजरांना त्याचंच जास्त लागे.

"पाठवा, मॅडम," मेजर म्हणाले. "दहाच्या दहा."

"त्यांनी हात वर केले होते, मेजर."

"सुहासनंबी केला असता. विचारलं असतं तर."

*

अहवाल गेला. पुढचं सगळं झपाट्यानं झालं. चौदा तारखेची परीक्षा आठवडाभर पुढे गेली, सगळ्या अकॅडमींतले उजवे पाय तपासले गेले, आणि राज्यभरात तीनशेच्या वर उमेदवार त्या वर्षापुरते थांबवले गेले. वयाची सवलत मागणारे अर्ज गेले. त्यांना उत्तर आलं, की विषय विचाराधीन आहे. नोव्हेंबर आला, ईश्वरीचा वाढदिवस झाला, विषय विचाराधीनच राहिला.

ईश्वरी एक दिवसही मेजरांशी भांडली नाही. तिनं नुसतं माळावर येणं बंद केलं. आईनं दोनदा निरोप पाठवला, की पोरगी जेवत नाही, तुम्ही येऊन बोला. मेजर तिच्या वस्तीच्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. काय बोलणार? फौजेत त्यांनी गोळीबाराचा आवाज ऐकला होता, पण त्या घराचं दार वाजवायची त्यांची छाती झाली नाही.

एप्रिलमध्ये गावानं मेजरांचा सत्कार ठेवला. 'दहा पाय वाचवणारे मेजर' असा फलक लागला. सरपंचांनी भाषणात ते वाक्य सात वेळा म्हटलं. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर झालं. दहांतले सातजण समोर बसले होते. त्यांच्या नडग्या भरून आल्या होत्या, ते पुन्हा पळत होते आणि आता टाळ्याही वाजवत होते. ईश्वरी आली नव्हती.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. माळावर आता एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून पळत आणि प्रत्येकाच्या दोन्ही पायांना पट्ट्या होत्या. पोरं निघून गेल्यावर तिनं बूट घातले आणि मेजरांना म्हणाली, "मेजर, येळ लावा."

मेजरांनी आधी तिच्या दोन्ही पायांना पट्ट्या लावून पाहिल्या. दोन्ही हिरव्या. मग ती पळाली. सहा महिने घरी बसलेली पोरगी, पण चौथ्या फेरीनंतर तिला लय सापडली ती सुटली नाही. दहावी फेरी संपली तेव्हा मेजरांनी घड्याळ दाबलं आणि त्यावरचा आकडा दोनदा वाचला.

"किती?"

"सात अठरा."

म्हणजे पास. बारा सेकंद राखून. दोघांनाही हिशेब करायला वेळ लागला नाही.

ती कमरेवर हात ठेवून श्वास घेत उभी राहिली. मग म्हणाली, "काल सत्कार झाला म्हणं तुमचा. दहा पाय वाचवलं म्हणून."

"लोक काय, कायबी लिवत्यात."

"दहा न्हाई, मेजर. चार. डॉक्टर मॅडमनीच सांगितलं हुतं ना, दहांत चार मोडणार? मग वाचलं ते चार. बाकीचं सहा मोडणारच नव्हतं. ती सहाजणं पळाली असती, पास झाली असती, आज वर्दीत असती." तिचा आवाज चढलेला नव्हता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा तो सपाट होता. "आमी हात वर केला हुता. तुमी इचारलं, आन् ऐकलं न्हाई. त्याचंबी मला आता काय वाटत न्हाई. सुहासदादाचा पाय मी रोज बघते. पर एक सांगा. मी त्या चारांतली हुते, का सहांतली?"

मेजरांनी तोंड उघडलं. 'चारांतली' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो ऐकून ती शांत झोपली असती, आणि मेजरही. डॉक्टरांनी कितीही पट्ट्या बनवल्या तरी हा शब्द खोटा ठरवणारी एकही बनणार नव्हती. जो पाय त्या दिवशी पळालाच नाही, त्याचं काय झालं असतं हे कुठल्याच हाडात लिहिलेलं नसतं.

ती वाट बघत उभी होती. मेजरांना उमजेना, तो शब्द उच्चारायचा तो नक्की कुणासाठी? तिच्यासाठी, की स्वतःसाठी?